अर्थ कळत नसताना हिब्रू तेफिला (प्रार्थना) म्हणावी का, आणि कशी म्हणावी?

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. आपली आजी रोज रात्री झोपण्यापूर्वी उजवा हात डोळ्यांवर ठेवून 'शेमा यिस्राएल', म्हणजे देव एक आहे हे सांगणारे वचन, म्हणत असे, आणि तिला हिब्रूचे एक अक्षरही ओळखता येत नव्हते. आपण अक्षरे शिकलात, सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचे पुस्तक, हळूहळू वाचता येतो. परंतु अर्थ लागत नाही, आणि त्यामुळे आपण साधना करीत आहोत की नुसतेच पुटपुटत आहोत, अशी शंका मनात येते. तेफिला हिब्रूत म्हणावी की मराठीत, चालीवर म्हणावी की साधी वाचावी, आणि नामजपाप्रमाणे एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हटली तर चालेल का, हेही आपण विचारले आहे. मी कोकणातील बेने इस्राएल (मराठी यहुदी) घरात वाढलो, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून व गावच्या हझनांकडून, म्हणजे तेफिला चालवणाऱ्यांकडून, ती शिकलो, आणि गेली पस्तीस वर्षे तेबावर, म्हणजे सिनेगॉगमधील वाचनाच्या चौथऱ्यावर, उभा राहून ती म्हणत व मुलांना शिकवीत आलो आहे. त्या अनुभवाच्या आणि शास्त्राच्या आधाराने उत्तर देतो.

'पुटपुटणे' हा शब्द आपण स्वतःला दोष देण्यासाठी वापरला आहे, म्हणून प्रथम त्याविषयी. तेहिलिमच्या, म्हणजे स्तोत्रसंहितेच्या, पहिल्याच स्तोत्रात धन्य मनुष्याचे वर्णन करताना तो तोराचे, म्हणजे देवाच्या नियमशास्त्राचे, रात्रंदिवस मनन करतो असे म्हटले आहे. तिथे मूळ हिब्रू क्रियापद 'हागा' आहे. हेच क्रियापद यशयाच्या ग्रंथात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आले आहे आणि तिथेच पुढे घुमणाऱ्या पारव्यासाठीही आले आहे. मराठी भाषांतरात 'मनन' किंवा 'ध्यान' असा शब्द घातल्यामुळे डोळे मिटून गप्प बसलेला माणूस आपल्या नजरेसमोर येतो. हिब्रूत मात्र ते मनन कंठातून निघते, ओठांवर येते आणि कानाला ऐकू येते. पुटपुटणे हे आपल्या साधनेतले जुने आणि मानाचे काम आहे. ते आपले आपल्याला ऐकू येते की नाही, हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे.

याचे कारण शेमाच्या पहिल्याच शब्दात आहे. 'शेमा' म्हणजे 'ऐक'. मिश्नेच्या, म्हणजे प्राचीन रब्बींच्या नियमसंग्रहाच्या, बेराखोथ ग्रंथात असा वाद आहे की, एखाद्याने शेमा म्हटला पण स्वतःच्या कानाला ऐकू जाईल असा म्हटला नाही, तर त्याचे कर्तव्य पूर्ण झाले का? एका मताप्रमाणे झाले. रब्बी योसे म्हणतात, झाले नाही. पुढे निर्णय असा ठरला की ओठांनी उच्चार केला असेल तर कर्तव्य पूर्ण होते, परंतु म्हणताना कानाला ऐकवूनच म्हणावे. अमिदाचा, म्हणजे उभे राहून म्हणायच्या मुख्य तेफिलाचा, नियमही कानाशीच बांधलेला आहे. शमुवेलच्या पहिल्या ग्रंथात हन्ना देवापुढे मूल मागते तेव्हा तिचे ओठ हलत होते पण आवाज ऐकू येत नव्हता. तिच्यावरूनच अमिदा हलक्या आवाजात म्हणण्याची रीत घेतली गेली. शेजारच्याला ऐकू जाऊ नये, पण स्वतःला जावे. नुसते डोळ्यांनी वाचून गेलेली तेफिला ही तेफिला नव्हे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिले काही आठवडे एवढेच सांगतो: अर्थाची चिंता तूर्त बाजूला ठेवा, पण स्वतःच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द स्वतः ऐका. हे वाटते तितके सोपे नाही. ज्याला दोन ओळी अशा ऐकता आल्या, त्याला साधनेचा दरवाजा सापडला असे मी मानतो.

आपल्या आजीचे 'शेमा' म्हणणे या कसोटीला पूर्ण उतरते. किंबहुना आपल्या समाजाचा सारा इतिहास तिच्या बाजूने उभा आहे. कोकणात तेल गाळणारे आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. त्यांच्याजवळ ना सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) होता, ना सिद्दूर. परंपरा सांगते की हिब्रू प्रार्थनांपैकी त्यांच्या मुखी एक 'शेमा यिस्राएल' तेवढा उरला होता, आणि सुंता असो, लग्न असो, मृत्यू असो, ते तोच म्हणत. पुढे कोचीनच्या यहुदी गुरुजनांनी आणि नंतर बगदादी यहुदींच्या सहवासाने तेफिलाची रीत पुन्हा बसली. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत 'शार हारहमीम' हे आपले पहिले सिनेगॉग बांधले. त्या आधीच्या पिढ्यांनी जपलेली ती एक ओळ अर्थासकट जपली होती की केवळ उच्चारासकट, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण ती ओळ जपली नसती तर पुढचे शिकवणारे आले तेव्हा त्यांना धरायला धागाच मिळाला नसता.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाला, आपल्या जुन्या लोकांचा शब्द 'दारफळणीचा सण' असा होता. त्या दिवसाच्या अखेरच्या तेफिलाचे नाव 'नेइला', म्हणजे दार बंद होणे. हिब्रू शब्द हरवला तरी त्याचा अर्थ मराठीत जिवंत राहिला. म्हणजे आपल्या पूर्वजांनी एका ठिकाणी अर्थ न धरता ध्वनी सांभाळला आणि दुसऱ्या ठिकाणी ध्वनी हरवूनही अर्थ सांभाळला. यांपैकी कोणतीही एक वाट दुसरीपेक्षा हलकी आहे असे मी कधीच म्हणणार नाही. आपल्याला मात्र दोन्ही उपलब्ध आहेत, म्हणून एकीवरच थांबणे योग्य नाही.

आता भाषेचा प्रश्न. मिश्नेच्या सोता ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे की शेमा, तेफिला आणि जेवणानंतरचा आशीर्वाद कोणत्याही भाषेत म्हणता येतो. तेव्हा मराठीत म्हटलेली तेफिला देवाला पोहोचते की नाही, ही शंका शास्त्राने केव्हाच सोडवलेली आहे. आपल्याकडे मराठीतून समजून घेण्याची सोयही जुनी आहे. १८४६ साली मुंबईत हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर असलेली हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, शिळाछापावर छापली गेली, आणि जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी तर प्रार्थनेची अनेक पुस्तके मराठीत आणण्यात आयुष्य वेचले. अशी जुनी पुस्तके अजूनही काही घरांत कपाटात पडून आहेत. आपल्या घरी असेल तर ते बाहेर काढा. तरीही हिब्रूत म्हणण्याचा आग्रह मी धरतो, कारण हिब्रू शब्द एकमेकांशी नात्याने बांधलेले आहेत आणि भाषांतरात ते नाते सुटते. 'बेराखा' म्हणजे आशीर्वाद आणि 'बेरेख' म्हणजे गुडघा, यांची अक्षरे एकच. अमिदात 'बारूख' म्हणताना आपण गुडघे वाकवतो आणि देवाचे नाव येताच ताठ होतो, तेव्हा शब्द आणि शरीर एकच गोष्ट बोलतात. शिवाय ठाण्यातला, पुण्यातला, अलिबागेतला किंवा इस्राएलमधला माणूस ज्या शब्दांनी देवापुढे उभा राहतो त्याच शब्दांनी आपण उभे राहतो, ही भावना एकट्याने म्हणतानाही मनाला आधार देते.

अर्थ किती कळला पाहिजे? याला 'कव्वाना' असा शब्द आहे. मन एका दिशेला वळवून धरणे, असा त्याचा भाव. मध्ययुगातील यहुदी शास्त्रकार मैमोनिदेस म्हणतात की कव्वानेशिवाय तेफिला ही तेफिलाच नव्हे, आणि मनातले इतर विचार दूर सारून आपण देवाच्या सान्निध्यात उभे आहोत असे पाहावे. हे वाचून नवशिका माणूस घाबरतो. पण शास्त्र माणसाची कुवत ओळखून आहे. शेमाच्या पहिल्या वचनात आणि अमिदाच्या पहिल्या आशीर्वादात मन असलेच पाहिजे, एवढी किमान मर्यादा त्याने घालून दिली आहे. शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या ग्रंथाच्या अगदी आरंभी असेही सांगितले आहे की मन लावून केलेल्या थोड्या विनवण्या मन न लावता केलेल्या पुष्कळांपेक्षा चांगल्या. म्हणून संपूर्ण सिद्दूरचा अर्थ शिकायचा संकल्प सोडा. शेमाच्या पहिल्या वचनातले सहा शब्द घ्या. त्यांचा अर्थ, प्रत्येक शब्दाचा वेगळा आणि सगळ्यांचा मिळून, इतका पक्का करा की शब्द आणि अर्थ यांच्यात अंतरच उरणार नाही. मग अमिदाचा पहिला आशीर्वाद घ्या. मला स्वतःला तेवढ्याला जवळजवळ एक वर्ष लागले होते, आणि त्या वर्षाने पुढच्या कित्येक वर्षांचे वाचन बदलले.

उच्चाराबद्दल मी थोडा अधिक बोलणार आहे, कारण इथे आपल्या मराठी जिभेच्या काही सवयी आड येतात आणि काही मदतीला येतात. 'हे' आणि 'हेथ' ही दोन वेगळी अक्षरे आहेत; देवनागरीत दोन्ही 'ह' असेच लिहिले जाते, पण 'हेथ' घशात खोलवर घासून निघतो. 'एहाद', म्हणजे 'एक', या शब्दातला ह हा 'हेथ' आहे. 'आलेफ' आणि 'आयिन' यांचेही तसेच. 'शेमा'च्या शेवटी 'आयिन' आहे, तो कंठ किंचित आवळून म्हणावा, नाहीतर 'ऐक' या अर्थाचा शब्द अर्धवट तुटतो. 'खाफ' हा 'खमंग'मधला ख नव्हे; त्यात जीभ टाळूला टेकून सुटत नाही, नुसती घासते. उलट 'त्सादी'साठी आपल्याकडे 'चांदणे'मधला च आहे, आणि 'झायिन'च्या जवळ जाणारा 'जास्त'मधला ज आहे. हे आवाज शिकायला इतरांना कष्ट पडतात. आपले काही वृद्ध 'त्सादी'ऐवजी स म्हणतात आणि 'शब्बाथ', 'अबोथ' असा शेवटी थ ठेवतात. आजच्या इस्राएली उच्चाराहून ते वेगळे आहे, पण चुकीचे नाही. घरातून जो उच्चार मिळाला असेल तो टिकवावा, फक्त तो एकसारखा ठेवावा.

शास्त्रकारांनी शेमाच्या बाबतीत केवढी सूक्ष्म काळजी घेतली आहे ते पाहण्यासारखे आहे. 'बेखोल लेवावखा' यात पहिला शब्द ल वर संपतो आणि दुसरा ल ने सुरू होतो. तिथे दोन शब्द एकमेकांत मिसळू न देता मध्ये बारीक फट ठेवावी, असे तलमुद, म्हणजे मिश्नेवरील रब्बींच्या चर्चेचा ग्रंथ, सांगतो. तिसऱ्या परिच्छेदातल्या 'तिझ्केरू' शब्दातला 'झायिन' ठणठणीत वाजला पाहिजे. तो स सारखा झाला तर 'आठवण ठेवा' याच्या जागी मोबदल्याची गोष्ट कानावर येते. 'एहाद'मधला शेवटचा 'दालेथ' लांबवावा, कारण तो 'रेश'सारखा ऐकू आला तर 'एक' याचे 'दुसरा' होते. सेफेर तोरात तो 'दालेथ' म्हणूनच मोठ्या आकारात लिहितात. किती लांबवावा? तलमुदात गोष्ट आहे की रब्बी यिर्मिया तो फारच लांबवू लागले, तेव्हा रब्बी हिय्या यांनी त्यांना सांगितले की वर, खाली आणि चार दिशांना देवाचे राज्य मनात मान्य करण्याइतका वेळ पुरे. मी शिकवताना हेच माप देतो. मात्र लांबवताना शेवटी 'अ' किंवा 'ए' चिकटवू नये. जीभ दातांमागे टेकलेलीच राहावी.

एक खबरदारी इथेच सांगून ठेवतो. देवाचे चार अक्षरी नाव जसे लिहिले आहे तसे आपण उच्चारीत नाही, त्या जागी 'अदोनाय' म्हणतो, आणि तेही विनाकारण उच्चारीत नाही. सराव म्हणून आशीर्वाद घोकायचे असतील तेव्हा त्या जागी 'हाशेम' ('ते नाव') म्हणावे. प्रत्यक्ष तेफिलाच्या वेळी मात्र पूर्ण म्हणावे.

यातूनच आपल्या नामजपाच्या प्रश्नाचे उत्तर निघते. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणे अगदी साहजिक आहे; शेजारघरातून हरिनाम ऐकतच आपण मोठे झालो. परंतु आपली परंपरा इथे निराळ्या वाटेने जाते. तलमुद म्हणतो की जो 'शेमा, शेमा' असे पुन्हा पुन्हा म्हणतो त्याला थांबवावे; तो एकाहून अधिक शक्तींना हाक मारतो आहे असा ऐकणाऱ्याचा समज होऊ शकतो. देव एक आहे हे सांगणारे वचन एकदाच आणि पूर्ण मनाने म्हणायचे असते. त्याचा जोर संख्येत नसून त्या एका वेळेत आहे. याला सुंदर अपवाद नेइलाच्या शेवटी येतो: दिवसभराच्या उपासानंतर सारी मंडळी शेमाचे वचन एकदा, 'बारूख शेम' हे त्यापुढचे स्तुतिवचन तीनदा आणि 'देव तोच परमेश्वर' हे सात वेळा मोठ्याने म्हणतात, आणि मग शोफार, म्हणजे मेंढ्याचे शिंग, वाजतो. वर्षभर जे हळू म्हटले ते त्या दिवशी घसा फोडून म्हणायचे. ज्याने वर्षभर घाईने पुनरुक्ती केली त्याला त्या सात वेळांचे मोल कसे कळणार? आपल्याला पुनरावृत्तीची ओढ असेल, आणि ती वाईट नाही, तर तेहिलिम म्हणावे. एकशे पन्नास स्तोत्रे आहेत. आवडलेले स्तोत्र रोज म्हणायला कोणतीही आडकाठी नाही.

चालीविषयी. सेफेर तोरात ना स्वरचिन्हे असतात ना 'तेआमीम', म्हणजे वाचनाची स्वरखूण. वाचणाऱ्याने ती आधी पाठ करून यायची असते. तिबेरिया येथील परंपरा जपणाऱ्या पंडितांनी, ज्यांत दहाव्या शतकातील आहरोन बेन आशेर हे सर्वांत मान्य ठरले, ही चिन्हे ग्रंथांत काटेकोर नोंदवली. ती गाण्यासाठी आहेत त्याहून अधिक अर्थासाठी आहेत. यशयाच्या चाळीसाव्या अध्यायात 'घोषणा करणाऱ्याची वाणी' या शब्दांनंतर चिन्ह विराम देते, म्हणून 'अरण्यात' हा शब्द पुढच्या 'मार्ग तयार करा' याला जोडला जातो. विराम चुकला तर अरण्यात घोषणा करणारा मनुष्य उभा राहतो. शेमाही तेआमीमसह म्हणणे श्रेयस्कर मानले आहे, आणि ज्यांना अर्थ लागत नाही त्यांना तर ही चाल फार उपयोगी पडते, कारण वाक्य कुठे टेकते हे ती कानाला सांगते. पीयूतांची, म्हणजे 'लेखा दोदी'सारख्या काव्यांची, गोष्ट वेगळी आहे. त्यांना गावोगावी निरनिराळ्या चाली आहेत. तिथे चाल शब्दांना पळवून नेऊ लागली तर ती बदलावी. तरुणपणी गोड चालीच्या भरात मी कित्येकदा पूर्ण कडवे म्हणून मोकळा झालो आणि काय म्हटले ते मला आठवेना. एका वृद्ध हझनांनी मला तेच कडवे चालीशिवाय, सावकाश, त्यांच्यासमोर पुन्हा म्हणायला लावले. ती लाज मला आजही उपयोगी पडते.

सिनेगॉगमध्ये जाता येत असेल तर जावे. दहा जणांचा मिन्यान असल्याशिवाय कद्दीश आणि केदुशा या सामुदायिक प्रार्थना होत नाहीत, आणि आज आपल्या अनेक गावांत तो मिन्यान जमवणे अवघड झाले आहे. आपण नुसते उपस्थित राहिलात तरी ते एक काम आहे. वाचनाचा वेग जुळत नसेल तर घाई करू नका, हझनांचे ऐका आणि 'आमेन' म्हणा. आमेनलाही शिस्त आहे: आशीर्वाद संपण्यापूर्वी घाईने म्हणू नये, शब्द तोडून म्हणू नये, आणि कोणत्या आशीर्वादाला उत्तर देत आहोत हे ठाऊक नसताना म्हणू नये. या शेवटच्याला तलमुद 'अनाथ आमेन' म्हणतो. ज्याने एक पूर्ण आशीर्वाद ऐकला आणि जाणतेपणाने त्याला आमेन म्हटले, त्याने तेफिलात भाग घेतला, त्याला वाचता येवो न येवो.

मन लागत नाही असे दिवस येतील, आणि ते पुष्कळ येतील. पूर्वीचे साधुपुरुष तेफिलापूर्वी तासभर स्तब्ध राहत, असे मिश्ना सांगते. आपल्याला दोन मिनिटे तरी सिद्दूर न उघडता बसता येईल. मन फारच भरून आले असेल तर अमिदातल्या 'शोमेआ तेफिला' या आशीर्वादात, किंवा अमिदाच्या शेवटी तीन पावले मागे सरकण्यापूर्वी, आपले मागणे आपल्या शब्दांत घालण्याची मुभा आहे. ते मी नेहमी मराठीत घालतो.

सुरुवात मात्र आजीच्या शेमापासूनच करा. रात्री सगळी कामे आटोपल्यावर, दिवा मालवण्यापूर्वी, बिछान्यावर बसा. उजवा हात डोळ्यांवर ठेवा. पहिले वचन स्वतःच्या कानाला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणा. 'एहाद'च्या 'दालेथ'वर थांबून वर, खाली आणि चारही दिशा मनात आणा. मग 'बारूख शेम' हलक्या आवाजात म्हणा आणि हात खाली घ्या. त्यानंतर पुढचा परिच्छेद, 'वेआहावता'पासून, जितका सावकाश वाचता येईल तितका वाचा. पहिल्या महिन्यात एवढेच पुरे. त्यात एखादा शब्द अडला तर पुढे न जाता तो शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी मराठी अर्थासह वहीत लिहून घ्या आणि त्या रात्री तो पुन्हा म्हणा.